जगुभाऊजींचा बंदोबस्त

आमच्या जगुभाऊजींनी एकदा विजेचं बिल भरायच्या आधीच लॅमिनेट केलं. ते घेऊन डहाणूला खिडकीवर गेले. आतल्या माणसाने पैसे घेतले, शिक्का मारला, आणि बिल परत घेताना शिक्का भाऊजींच्या अंगठ्याला लागून आला. त्याने दुसऱ्यांदा मारला, तो बाहीला लागला. शेवटी तो म्हणाला, "काका, भरलं असं समजा आणि जा." भाऊजी घरी आले ते त्याच्यावरच वैतागलेले. "शाई चांगली नाही वापरत हे लोक," म्हणाले.

मी त्या दिवशी पोट धरून हसले होते. शहाणी असते तर त्याच दिवशी सावध झाले असते.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, त्यांच्याहून सहा महिन्यांनी धाकटे. कैनाडला आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक अंगण आणि सामाईक विहीर. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारलं होतं. "राहून गेलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि भात उतरवायला गेल्या. डहाणूच्या एका सोसायटीत भाऊजींनी वर्षानुवर्षं कारकुनी केली. पुढे ती सोसायटी बंद पडली. त्याच सुमाराला स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने आपलं दुकान आवरलं आणि त्याचं लॅमिनेशनचं यंत्र भाऊजी रिक्षात घालून घरी घेऊन आले. नोकरी सुटल्यावर कुणी कुत्रा पाळतं, कुणी पोपट. आमच्या भाऊजींनी यंत्र पाळलं.

"कागद उघडा ठेवायचा नाही, वहिनी," हे त्यांचं पहिलं वाक्य. "इथली हवा खारी." समुद्र आमच्यापासून तसा लांब आहे, पण भाऊजींच्या मते खारं वारं काही नाक्यावर थांबत नाही. त्यात कसर, वाळवी, पागोळ्यांचं पाणी. या सगळ्यांवर इलाज एकच. "टाका इकडे, एकदम बंदोबस्त करून देतो."

त्यांच्या घरात मग काय काय बंदोबस्तात गेलं! रेशनकार्ड, गॅसच्या पावत्या, आईचा फोटो, आमच्या लग्नाची पत्रिका, भाच्याच्या पहिल्या जावळाची बट. नोटाबंदीत रद्द झालेली पाचशेची एक नोट त्यांनी बदलून घ्यायच्या ऐवजी लॅमिनेट केली आणि भिंतीवर लावली. एकदा चिकूचं पान घातलं, तर यंत्रात ते असं चिरडलं की दोन दिवस हिरवा रस सगळ्या कागदांवर उतरत होता. रानशेतहून माणसं जातीचे दाखले, शाळेचे दाखले घेऊन यायची. भाऊजी एक पैसा घ्यायचे नाहीत, वर चहा पाजायचे. चिकूच्या वाडीचा ठेका घेणाऱ्या व्यापाऱ्याशी गुजरातीत, रानशेतच्या लोकांशी वारलीत आणि आमच्याशी मराठीत बोलायचे, पण "बंदोबस्त" हा शब्द तिन्ही भाषांत तोच.

नोटाबंदीच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या लेकीला, तन्वीला इटलीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. विषय, फळं टिकवण्याचं शास्त्र. आमच्या घराण्यात वापी ओलांडणं म्हणजे परदेश, त्यामुळे दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे आणि नकाशा दोन्ही दाखवण्यात गेले. मग व्हिसाचं कळलं. कागदांची नुसती रांग! प्रवेशाचं पत्र, बँकेचं पत्र, राहायच्या जागेचं पत्र, विमा, आणि पदवीचं प्रमाणपत्र. या शेवटच्यावर मुंबईच्या सरकारी कार्यालयाचा शिक्का हवा, मग त्यावर दिल्लीच्या खात्याचा, मग ते इटलीच्या वकिलातीत. शिक्के नाहीत तर व्हिसा नाही, आणि ऑगस्टअखेर व्हिसा नाही तर प्रवेश रद्द.

भाऊजींनी लगेच सूत्रं हाती घेतली. रोज संध्याकाळी ओटीवर वेताची खुर्ची मांडून ते वकिलातीतले साहेब व्हायचे. तन्वीने समोर मोड्यावर बसायचं.

"नाव?"

"काका, माझं नाव तुम्हीच ठेवलंय."

"मी काका नाही. मी इटलीचा साहेब आहे. काय शिकणार तिकडे?"

"फळं टिकवायला."

"चिकू होतो तिकडे?"

"नाही."

"ज्या देशात चिकू नाही, त्या देशाला फळातलं काय कळतं? नामंजूर!"

तन्वी हसून लोळायची. असे किती वेळा तिला नामंजूर केलं असेल! एकदा मात्र ती म्हणाली, "साहेब, मी शिकून परत येणार आणि चिकूचंच काम करणार." साहेब "येणार?" म्हणाले. "येणार म्हणजे काय, येणारच." त्यावर साहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुढचा प्रश्न विमानात जेवण काय देतात याचा विचारला.

मुंबईच्या कार्यालयात जायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं वेवजीला माझ्या भाचीच्या साखरपुड्याला गेलो. घराची किल्ली भाऊजींकडे. कोंबड्यांना दाणे घालायला ते आत गेले आणि त्यांना काय दिसलं, तर टेबलावर पदवीचं प्रमाणपत्र, उघडं! वर पंखा चालू, शेजारी पाण्याचा तांब्या.

आम्ही परतलो तेव्हा भाऊजी दारातच उभे होते. प्रमाणपत्र दोन्ही हातांवर तबकासारखं धरलेलं. कडा गोल कापलेल्या, एकही बुडबुडा नाही. त्यांच्या हातून इतकं सुबक लॅमिनेशन त्याआधी कधी झालं नव्हतं. "एवढी पोरगी परदेशात निघाली आणि कागद उघडा?" म्हणाले. "एकदम बंदोबस्त केला."

आम्हालाही तेव्हा काही खटकलं नाही, हे सांगायला हवं. उलट तन्वीचे बाबा म्हणाले, "वा जगू!" आमच्याकडे चांगल्या कागदाचा मान लॅमिनेशननेच करतात. माझी स्वतःची डी.एड.ची गुणपत्रिका लॅमिनेट केलेली आहे आणि तिच्यावर मी इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आहे.

मुंबईच्या कार्यालयातल्या बाईंनी प्रमाणपत्र उलटंसुलटं केलं, नखाने टोकरलं आणि विचारलं, "शिक्का कशावर मारू?"

काढून आणा, नाहीतर विद्यापीठातून दुसरी प्रत आणा, असं म्हणाल्या. काढायचे प्रयोग आम्ही आधी भाऊजींच्याच खजिन्यावर करून पाहिले. गॅसची पावती फ्रीजमध्ये ठेवली, ती गार झाली. आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर इस्त्री फिरवली, मग एका कोपऱ्यातून प्लास्टिक ओढलं. प्लास्टिक निघालं आणि त्याच्याबरोबर माझ्या सासरच्या मंडळींची नावंही निघाली. पदवीला हात लावायची मग कुणाची छाती झाली नाही.

दुसरी प्रत म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि वाट पाहणं. खराब झालेली प्रत परत करायची आणि पुढे "पंधरा दिवसांनी चौकशी करा". तारखा जुळेनात. तन्वी रात्री जेवायची नाही. आणि त्या सगळ्यात भाऊजी ओटीवर येऊन म्हणाले, "वहिनी, इतकं काय त्यात? मिळेल की. नाही मिळालं तर पुढल्या वर्षी जाईल."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला ती जायलाच नको आहे. सरळ सांगा ना तसं."

भाऊजी चहाचा कप अर्धा तसाच ठेवून अंगण ओलांडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं दार बंद होतं. मला वाटलं, रुसले. रुसोत, म्हटलं.

ते मुंबईला गेले होते. तन्वीकडून त्यांनी गुपचूप अधिकारपत्र लिहून घेतलं होतं आणि विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन उभे राहिले होते. जो माणूस विरारपलीकडे गेला की डोकं दुखतं म्हणून बाम घेऊन फिरतो, तो आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा सकाळची गाडी पकडू लागला. पंधरा दिवसांनी या म्हणालेल्यांकडे हे तिसऱ्या दिवशी हजर. पिशवीत चिकू. खिडकीतल्या बाईंनी ते घेतले नाहीत. "असलं काही चालत नाही इथे," म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "बाई, लाच विकत आणतात. हे झाडाचं आहे." मग त्यांनी ते चिकू रांगेतल्या पोरांना वाटून टाकले, आणि पुढच्या खेपेला पोरं त्यांना पुढे उभं राहू द्यायला लागली. खिडकीतल्या बाईही हळूहळू "काका, आज नाही" असं जरा मऊ आवाजात सांगू लागल्या. हे सगळं आम्हाला तन्वीकडून कळायचं. माझ्याशी ते कामापुरतं बोलत होते.

जुलै संपता संपता एका संध्याकाळी ते आले. प्रमाणपत्र दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर रुमाल बांधलेला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "हात कोरडा आहे ना, वहिनी?" मग स्वतः तन्वीला घेऊन शिक्क्याच्या कार्यालयात गेले. शिक्का बसल्यावर त्यांनी त्यावर फुंकर मारली म्हणे. बाई म्हणाल्या, "अहो, वाळतो तो आपोआप." पुढे दिल्लीचा शिक्काही बसला आणि व्हिसा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला. तन्वी रडली, मी रडले, तिचे बाबा गोठ्यात जाऊन रडून आले. भाऊजींनी वाडीतल्या सगळ्यांना जिलेबी वाटली.

विमानतळावर गाडीत जागा नव्हती तरी ते आले, मागे दोन बॅगांच्या मध्ये बसून. तन्वी पाया पडली तेव्हा म्हणाले, "साहेबाने काही विचारलं तर घाबरायचं नाही. नाव नीट सांगायचं." एवढंच. ती आत गेली आणि काचेपलीकडे दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे. तन्वीच्या बाबांनी त्यांचा दंड धरून गाडीपर्यंत आणलं.

परतताना उजाडल्यावर चारोटीला चहाला थांबलो. तन्वीचे बाबा गाडीतच डोळे मिटून पडले होते. भाऊजी आणि मी बाकावर. त्यांनी बशीत चहा ओतला आणि बशी तशीच धरून बसले.

"वहिनी, तुम्ही तेव्हा बोललात ना, ते खरं होतं."

"जाऊ द्या हो. रागात बोलले मी."

"मुद्दाम नाही केलं. देवाशपथ. तुमच्या पायाची शपथ." मग म्हणाले, "पण खिडकीतली बाई 'काका, आज नाही' म्हणाली ना, की मला बरं वाटायचं. दर खेपेला. वाटायचं, चला, आणखी थोडे दिवस आहे पोरगी. परतीच्या गाडीत मग इतकी लाज वाटायची."

मी विचारलं, "मग इतक्या खेपा कशाला घातल्या, भाऊजी?"

"मी नसतो गेलो तर तिला मिळालं नसतं ना," ते म्हणाले. चहा प्यायला लागले, पण थांबले. "आणखी एक विचारायचं होतं. तन्वी रोज हाक मारायची म्हणून मी जेवायला यायचो. तुम्ही दोघं कधी काही म्हणाला नाहीत, ते ठीक आहे. पण आता कसं करायचं?"

तेवीस वर्षं आमच्याकडे पान मांडलं जात होतं त्यांचं, आणि हा माणूस ते एका पोरीच्या हाकेचं समजत होता! मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. म्हटलं, "कसं म्हणजे? यायचं."

"येईन की," ते म्हणाले, "पण हाक मारा. आपण होऊन यायला जमायचं नाही मला."

घरी पोचलो, अंघोळी झाल्या. डाळभात टाकला, बोंबील भाजले. दुपारी मी अंगणात जाऊन त्यांच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. तन्वीसारखी मोठ्याने मारता आली नाही मला. पण त्यांना ऐकू गेली. ते दाराच्या आतच उभे होते, हातपाय धुऊन.