परदेशी पानाची राजारामपुरीवरील स्वारी

श्रीअंबाबाई समर्थ. करवीर मुलखी, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, माघमासी, मंगळवारी सकाळी अकराचे सुमारास तंबाखूवरून जो प्रसंग गुजरला, तो जैसा घडला तैसाच लिहावा, पदरचे घालू नये आणि कोणाची भीड धरू नये, ऐसे मनी आणून ही हकिकत सादर केली असे.

राजश्री उदयसिंह, तंबाखूच्या पेढीचे खासे धनी, यांची कचेरी राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या माडीवर होती. खाली मुले बीजगणिताशी झुंजत आणि वर पेढीचा कारभार चाले. पेढीची शेड कसबा बावड्यास. तेथे अकरा बायका वेदगंगेकाठचे पान रंग पाहून, वास घेऊन निवडीत, जुड्या बांधीत, आणि मग त्या जुड्या गोणपाटात शिवून समुद्रापार रवाना होत. धनी स्वतः तंबाखूस शिवत नसत. डॉक्टरांची सक्त ताकीद होती, सबब वेलदोडे चघळीत. आणि कचेरीच्या भिंतीवर 'येथे धूम्रपान करू नये' ऐसा फलक ठळक लाविला होता.

या पेढीचे निर्यातनवीस त्र्यंबकपंत. चाकरीस एकवीस वर्षे जाहली, अक्षर मोत्यासारखे, आणि स्वभाव परम भिडस्त. धन्यांनी भर उन्हात "पाऊस पडतोय" म्हटले तर पंत छत्री उघडीत. 'नाही' हा शब्द त्यांचे मुखातून कचेरीत कधी निघाला नव्हता.

ऐसे असता मुंबईहून विश्वजित नामे परदेशी पानाचा वकील दाखल जाहला. लॅपटॉप, सात सर्टिफिकिटे आणि नमुन्याची तीन गाठोडी ऐसा त्याचा सरंजाम. त्याने धन्यांचे कानी घातले की विलायती पान एकसारखे, निवडावे लागत नाही. आणावे आणि विकावे. धन्यांचे चित्त भुलले. मग खलबत होऊन मसलत ठरली, की परदेशी पान आणावे आणि बावड्याची शेड बंद करावी. आणि पंतांस हुकूम सादर जाहला, की देशाची तंबाखू बाहेर किती जाते आणि आत किती येते याचा दहा वर्षांचा आलेख काढावा, आणि त्यात आयात शुभ दिसावी.

पंत तीन दिवस आलेखास बसले. निर्यातीची रेघ निळी, आयातीची तांबडी. निळी तर चढतच होती. तांबडी धाकटी, परंतु तीही चढू लागली होती. मग पंतांच्या ध्यानी आले, की निळीने जेथे उडी घेतली तेथे वर्षभराने तांबडीही उडी घेते. एकदा होते तर योगायोग म्हटला असता; चारदा पाहिले, तेव्हा पंतांनी लेखणी खाली ठेविली. मनात एक शंका शिरली. अकरा बायकांची तोंडे डोळ्यांसमोर येत. परंतु धन्यांस सांगावे कोणी? पंतांनी आलेखाची गुंडाळी केली आणि तोंडही तैसेच मिटून घेतले.

मंगळवारी दरबार भरला. तुलनेस देशी नमुना हवा, सबब तो घेऊन शेडमधून चिमणाबाई आली. सव्वीस वर्षे पान निवडणारी, बायकांत थोरली. खुर्ची असता दाराशीच बसली. विश्वजिताने परदेशी पानाची तारीफ अर्धा तास केली आणि मग धन्यांनी आज्ञा केली, की चिमणाबाईने विलायती पान हुंगून पाहावे.

तिने एक पान नाकाशी नेले, चुरगाळले, पुन्हा नेले.

"ह्ये इलायतचं? कोन म्हनतंय? ह्यो वेदगंगेचा पाला हाय की!"

विश्वजित हसला. "मावशी, सात सर्टिफिकिटं आहेत. वासावर धंदा चालत नाही."

 चिमणाबाईने कोपरापर्यंत हात गाठोड्यात घातला, तळातून एक जुडी ओढून काढली आणि धन्यांच्या मेजावर आपटली.

"ही गाठ बघा. डावरा हात हाय माझा. समद्या शेडमधी अशी उलटी गाठ मी एकलीच मारतो. इचारा पंतांस्नी."

कुल दरबाराची नजर पंतांवर वळली.  'होय' म्हणावे तर धन्यांची मसलत सर्वांदेखत उताणी पडते. गप्प बसावे तर अकरा चुली विझतात. खालून मुले सूत्रे घोकीत होती. पंत उठले आणि आलेख मेजावर पसरला.

"साहेब, नाही, हे पान विलायती नाही," पंत बोलले. तो शब्द आपलाच, यावर त्यांचाही क्षणभर विश्वास बसेना. "ह्या दोन रेघा दोन पिकांच्या नाहीत. एकच पीक आहे, जाऊन आलेलं. तिकडे फक्त गोणपाट बदललं."

धन्यांच्या दाढेखालचा वेलदोडा जागीच थबकला. मग ते विश्वजितास वदले, "काय वो पावणं? आमचंच पान आमास्नीच इलायती म्हणून?"

विश्वजिताने कबूल केले की आपण कागद तेवढे पाहिले, पान म्हणाल तर जन्मात हुंगलेले नाही. मग लॅपटॉप मिटला आणि लिफ्ट बंद असल्याकारणे तिन्ही गाठोडी एकामागून एक खांद्यावर घेऊन, तीनदा जिना उतरून, वकील कूच करता जाहला.

तो जाताच धन्यांस निराळेच सुचले. आपलेच पान 'परदेशी राहून आलेले' म्हणून विकता येईल काय, ऐसा सवाल त्यांनी केला. पंतांनी दुसऱ्यांदा "नाही" म्हटले. पहिल्यापेक्षा ते फार सोपे गेले.

मग हुकूम सुटला, की आयात रद्द, शेड कायम, आणि चिमणाबाईस गुणवत्ता अधिकारी हा किताब व एक फिरती खुर्ची द्यावी. ती बोलली, "खुर्ची ऱ्हाऊ दे तिकडंच. खाली बसल्याबिगार पान कळत न्हाय." जिन्यापाशी मात्र ती थबकली. "पंत, माझ्या हातची जुडी दोनदा दर्या वलांडून आली. दर्या कसा असतो वो? मी अजून बघिटला न्हाय."

 पंत मेजाशी परतले, हुकूमनामा लिहावयास घेतला आणि शेवटी मोत्यासारख्या अक्षरात एक कलम आपल्या मनाने वाढविले, की येत्या रविवारी पेढीच्या गाडीने अकराही जणींस मालवणास नेऊन समुद्र दाखवावा. कागद धन्यांपुढे ठेविला. धनी सही करतेसमयी वाचण्याची तसदी घेत नसत. येणेप्रमाणे सही जाहली, शिक्का उमटला, परदेशी पानाची स्वारी मोडली, आणि फत्ते बावड्याच्या शेडची जाहली, हे दफ्तरी नमूद असे.