बर्वेकाकांचं सिनेमाशी भांडण

बर्वेकाका सिनेमा बघत नाहीत, सिनेमाशी भांडतात. रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही शेजारीपाजारी जमतो. टीव्ही मोठा आहे, शेवही भरपूर असते. पण रिमोट काकांच्या हातात. त्यामुळे आजवर एकही सिनेमा आम्ही शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

आमची कॉलनी इंदूरबाहेर, बेटम्याच्या रस्त्याला. सगळी घरं एका साच्यातली. पिवळट भिंती, तपकिरी दारं. रंग बदलायचा नाही असा सोसायटीचा नियम. सिनेमात अशी कॉलनी दिसली की काकांचं डोकं फिरतं, कारण तिथे घरं सारखी, माणसं सारखी आणि सगळी आतून दुःखी.

"ठहरो!" काका चित्र थांबवतात. "ही बाई खिडकीत एकटी रडतेय. अरे भिया, शेजारी कुठे गेले हिचे? जा ना कुणाकडे, कचोरी खा!"

"काका, पुढे बघू द्या ना!"

"क्या देखना? घर सारखं म्हणून माणूस सारखा होतो का? त्या डायरेक्टरला पाठवा माझ्याकडे, पोहे खायला."

गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. तिला विसर पडायला लागला होता. दुपारी ती झोपली की मी वरच्या खोलीत ऑफिसचं काम करायची. एकदा खाली आले तर दार सताड उघडं, आई नाही. मी अनवाणीच धावले. काकांच्या घरातून तिचा आवाज आला.

आई त्यांच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होती. काका मात्र हॉलमध्ये खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेले, पहिल्यांदाच कुणाकडे आल्यासारखे.

"साखर किती घालू हो?" आईने आतून विचारलं.

"घाला तुमच्या अंदाजाने," काका म्हणाले. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"रोज येतात," ते कुजबुजले. "त्यांना हे आपलंच घर वाटतं. चहा झाला की तुझ्या दारापर्यंत सोडून येतो."

"काका, किती त्रास तुम्हाला! मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू कुलूप लावलं असतंस. तुझी काकू गेल्यापासून या घरात मला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं गं."

मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई ट्रे घेऊन बाहेर आली.

"अगं, पाहुणे आलेत आणि तू उभी काय राहिलीस?" ती मला म्हणाली. "बस त्यांच्याजवळ. मी आणखी एक कप आणते."

मी बसले.