गच्चीवरची रेघ

मुकुंदराव इतिहासाचे मास्तर. नोकरीतून निवृत्त झाले, पण शिकवण्याची खाज काही निवृत्त झाली नव्हती. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांचं पहिलंच भाषण होतं, 'महायुद्धानंतर सीमा कशा बदलतात' या विषयावर. त्यासाठी त्यांनी कापडावर चिकटवलेला जुना जगाचा नकाशा पेटीतून काढला. कुबट वास येत होता, म्हणून सकाळीच गच्चीवर पसरला. रंग उडू नये म्हणून उपडा.

दिवस वाळवणाचे. खालच्या मजल्यावरची वंदना माहेरच्या, भिवापूरच्या मिरच्या घेऊन वर आली, तर कापड आयतंच पसरलेलं. दरवर्षी मुकुंदरावांची बायको सुहासिनी दोघींसाठी चादर टाकते, तशी यंदाही टाकली असेल म्हणून तिनं मिरच्या ओतल्या. मागून सुहासिनी आली. कापड वंदनानं टाकलंय असं समजून उरलेल्या अर्ध्यावर तिनं आपल्या बाजारातल्या पसरल्या. दुपारी वावटळ आली आणि सगळा गोपाळकाला झाला.

निवडायला बसल्या आणि जुंपली. चांगली मिरची दिसली की ती भिवापूरची, हे वंदनाचं म्हणणं. मग आमच्या काय उकिरड्यावरच्या, हे सुहासिनीचं. वर्षानुवर्षं एकत्र तिखट कांडून आणणाऱ्या बायका, पण एकमेकींचं तोंड बघेनात. आवाज ऐकून मुकुंदराव वर आले. भाषण तोंडावर आणि नकाशा मिरच्यांखाली!

तह आपणच करायचा, असं त्यांनी ठरवलं. कुणाला विचारलं नाही. खडू घेतला आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सरळ रेघ ओढली.

"ही बाजू तुझी, ती वंदनाची. मिरच्या निम्म्या-निम्म्या. उचला, आणि माझा नकाशा द्या."

दोघींनी रेघ पाहिली. मग एकमेकींकडे पाहिलं.

"सर, जिना तर ताईच्या बाजूले गेला," वंदना म्हणाली. "मी घरी काय उडत जाऊ जी?"

"आणि माझ्या वाट्याला टाकीची सावली," सुहासिनी म्हणाली. "मिरच्या काय चांदण्यात वाळवू? वंदना, राहू दे वं निवडणं. एकत्रच कांडू."

तह झाला. मिरच्या वाळेपर्यंत नकाशा हलणार नाही, हेही दोघींनी मिळूनच ठरवलं.

मुकुंदराव रिकाम्या हातांनी भाषणाला गेले. पहिल्या महायुद्धानंतर जिंकलेल्यांनी पश्चिम आशियात कशा रेघा ओढल्या, हे सांगता सांगता त्यांना टाकीची सावली आठवली. ते अडखळले, आणि म्हणाले, "रेघ ओढणाऱ्याला तिथं मिरच्या वाळवायच्या नसतात." टाळ्या पडल्या. मुकुंदरावांना बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

घरी येऊन ते खुशीत गच्चीवर गेले. त्यांची रेघ पुसून दोघींनी नवी ओढली होती. त्यांची आरामखुर्ची असायची तो हवेशीर कोपरा नव्या रेघेच्या आत गेला होता. तिथं उद्या पापड घालायचे होते. खुर्ची जिन्यात होती.

"मला न विचारताच?" मुकुंदरावांनी विचारलं.

सुहासिनी हसू दाबत मिरच्या झाकत राहिली. वंदना म्हणाली, "सर, विचारून रेघ ओढते का कोणी?"

मुकुंदराव जिन्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.