घरातलं जुनं पसावात घेऊन या

मलांग शहरातल्या मार्गोनो सरांनी नोटिशीत साधा शब्द सोडून भारदस्त शब्द घातला, आणि तिथेच घात झाला.

सर निवृत्त शिक्षक आणि 'विमान इतिहास मंडळा'चे अध्यक्ष. (सभासद चार. त्यातले दोघे चहापुरते.) दर रविवारी वॉर्डाच्या हॉलात सर जुन्या विमानांवर व्याख्यान देत आणि बाकीचे ते सोसत. अखेर लुराहसाहेबांनी, म्हणजे वॉर्डाच्या कारभाऱ्यांनी, बजावलं, "सर, या रविवारी हॉल भरला नाही तर तो बायकांच्या व्यायामवर्गाला देऊन टाकतो." आता हा व्यायामवर्ग चालवत होत्या विविकबाई, सरांच्याच सौभाग्यवती. म्हणजे हॉल घरातच राहणार होता. फक्त सर बाहेर.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. सलग दोन वाक्यं बोलू देणारी दुसरी जागा त्यांना उभ्या जगात नव्हती. (घर तर नव्हतंच.)

शेवटी त्यांनी ठरवलं, नुसतं भाषण नको, उपक्रम हवा. लोकांनी घरातली लाकडाची, पत्र्याची खेळण्यातली विमानं आणावीत, त्यांचा इतिहास सर सांगतील. आता तिथली साधी माणसं विमानाला 'उडतं जहाज' म्हणतात. सरांना ते गावंढळ वाटलं. त्यांनी विमानासाठीचा तिथला भारदस्त शब्द घालून झोकात लिहिलं, 'घरातलं जुनं पसावात घेऊन या. तज्ज्ञ मार्गदर्शन करतील.'

रविवारी हॉलबाहेर ही गर्दी! सरांचा ऊर भरून आला. मग पुढच्या आजोबांच्या खांद्यावर टीव्ही दिसला. त्यांच्यामागे टेलिफोन. त्यामागे हातगाडीवरून, चादर पांघरून, चार पायांचा आणखी एक टीव्ही येत होता.

"हे काय आणलंत?" सरांनी विचारलं.

"पसावात!" रेडिओ छातीशी धरलेल्या एक आजी म्हणाल्या. "नुसती खरखर येते बघा."

"अहो आजी, पसावात म्हणजे विमान!"

"आणि रेडिओचं पसावात, टीव्हीचं पसावात, फोनचं पसावात, ते काय मग? शिक्षक होता ना तुम्ही?"

त्यांच्या भाषेत पसावात म्हणजे विमान, तसंच घरातलं कुठलंही असलं यंत्र. आजींचं व्याकरण बिनचूक होतं.

विविकबाई दारात नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होत्या. सरांनी त्यांना बाजूला ओढलं. "अगं, नोटीस तू वाचली होतीस ना? सांगायचं तरी!"

"मला वाटलं, तुम्हाला उशिरा का होईना अक्कल आली. अहो, घरात विमान असतं का कुणाच्या?"

तेवढ्यात लुराहसाहेब आले आणि गर्दी बघून खूश झाले. झाली का पंचाईत! खरं सांगावं तर गर्दी जाणार, आणि गर्दी गेली की हॉल गेलाच.  "दुरुस्तीआधी," सर कसेबसे म्हणाले, "थोडं मार्गदर्शन."

आणि ते डाकोटा विमानावर बोलू लागले. तास झाला तरी एक माणूस हलला नाही. कुणी जांभई देईना की केळीच्या पानातल्या लेम्परचा चिकट भात चघळत बाहेर सटकेना. सर गहिवरले. आयुष्य सार्थकी लागलं असं त्यांना खरोखर वाटलं. ओल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?"

सगळे हात वर.

"माझा नंबर कधी?" आजींनी विचारलं, आणि बाकीचे हात खाली आले.

मेलोच, असं म्हणत सरांनी आजींचा रेडिओ पुढ्यात घेतला. कुठून उघडतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. या बटणाशी झटले, त्या बटणाशी झटले, आणि शेवटी साफ हताश होऊन त्यांनी रेडिओच्या डोक्यात एक थाप मारली. रेडिओ गाऊ लागला!

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुराहसाहेबांनी सरांना मिठी मारली. "हॉल तुमचाच! दर रविवारी दुरुस्ती!" पुढचे टीव्ही आधीच रांगेत सरकू लागले होते.

संध्याकाळी सर घरी येऊन कोसळले. थापा मारून हाताचा तळवा सुजून टम्म झाला होता. तरी आशा मोठी चिवट. "काय गं," त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या भाषणाबद्दल बोलत होते का कुणी?"

"सगळेच," विविकबाई हळद लावत म्हणाल्या. "म्हणत होते, एका थापेत काम होतंय, तर सर आधी तासभर थापा कशाला मारतात?"