वाजवून घेतलेला कॅमेरा

भीमराव तायडेंनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी कानाला लावला, तेव्हाच दुकानदार जयंतीजींनी ओळखलं की हे गिऱ्हाईक काही साधं नाही.

साल दोन हजार पाच. जयपूरच्या चारदीवारीतलं, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातलं दुकान, काउंटरवर नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणि आठ दिवसांवर आलेलं लेकीचं, गौतमीचं लग्न. कॅमेरा पसंत पडला होता. अडलं होतं ते फोटो कशात साठवायचे यावर. जयंतीजींनी काड्यापेटीएवढ्या, पण पातळ अशा दोन वस्तू पुढे ठेवल्या.

"बाबूजी, ये छोटी हार्ड डिस्क. अंदर सचमुच घूमती है. हज़ार फोटो आराम से. और ये फ्लॅश कार्ड, डेढ़ सौ फोटो."

"बाबा, फ्लॅशच घ्या," इंजिनिअरिंगला असलेला संकल्प उतावीळपणे म्हणाला. "मतलब, त्यात काही फिरतच नाही. पडलं, आपटलं, तरी काही होत नाही."

"फिरतच नाई, तं चालते कशानं?" भीमरावांनी विचारलं.

अकोल्याकडचे भीमराव नोकरीनं जयपूरला, रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन एकेक चाक वाजवत जायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. खणखणीत आवाज आला तर चाक धडधाकट, बद्द आला तर कुठेतरी तडा. ही सवय घरीही आली. माठ आणि कलिंगड सगळेच वाजवून घेतात, पण गौतमीसाठी होणाऱ्या जावयाचं, राजरत्नचं घर पाहायला गेले तेव्हा भीमरावांनी तिथली कपाटंसुद्धा वाजवली होती. हार्ड डिस्क घातलेला कॅमेरा त्यांच्या कानाशी बारीक घूं करत होता. फ्लॅश कार्ड घातलं की सामसूम.

"हे जित्तं हाय, ते मुकं," भीमराव खूश होऊन म्हणाले. "जित्तं द्या!"

"तुमाले पायजे ते घ्या," त्यांची बायको इंदुमतीबाई म्हणाल्या. "पन पोरीच्या लग्नाचे फोटो गेले, तं माह्याशी बोलू नका."

याला कारण होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नव्हता. अकोल्याच्या फोटोग्राफरचा आख्खा रोल काळा निघाला होता. सत्तावीस वर्षं इंदुमतीबाई त्याचा उद्धार करत आल्या होत्या आणि भीमराव दर वेळी जरा जास्तच जोरात मान हलवत आले होते.

कॅमेऱ्याच्या खोक्यात एक फ्लॅश कार्ड फुकट निघालं. जेमतेम तीस फोटोंचं. भीमरावांनी ते बाजूला सारलं, इंदुमतीबाईंनी गुपचूप पर्समध्ये टाकलं.

लग्नाच्या दिवशी जयपुरातल्याच झोटवाड्याच्या सामाजिक भवनात भीमरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनी मांडवाचा फोटो काढला, मांडवाच्या प्रत्येक खांबाचा काढला, भाजीच्या कढईचे अकरा काढले. "हजार बसतात, हजार!" प्रत्येक पाहुण्याला सांगून झालं. मधेच कॅमेरा कानाला लावायचा आणि म्हणायचं, "चालू हाय!"

त्रिसरण-पंचशील सुरू झालं तसं त्यांना लेकीजवळ उभं राहावं लागलं, म्हणून कॅमेरा संकल्पकडे गेला. प्रतिज्ञा झाल्या, हार घातले गेले, टाळ्या झाल्या. भीमरावांनी डोळे पुसले, धावत जाऊन कॅमेरा परत घेतला आणि कानाला लावला.

आवाज नव्हता.

बॅटरी वाचवायला कॅमेरा नुसता झोपला होता. पण भीमरावांना ते कोण सांगणार? त्यांनी बोटानं टकटक केली. मग मुठीनं. मग जेवणाच्या टेबलावरची पळी उचलली आणि चाकावर हातोडी मारतात तशा बेतानं, कान देऊन, तीन ठोके घातले.

"बाबा! नको!" संकल्प ओरडत आला.

"थांब! पाह्य, बोलाले लागलं!" भीमराव आनंदले. आतून आवाज येत होता खरा. टक्, टक्, टक्. पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि मग तो आवाजही बंद पडला.

संकल्पनं बटणं दाबून पाहिली. "गेलं, बाबा. यातलं सगळं गेलं."

भीमरावांचा चेहरा पांढराफटक झाला. बायकोकडे बघायची हिंमत नव्हती. ते वळले ते थेट नवरा-नवरीकडे. "हार काढा! पुन्हा घाला! राजरत्न, बापा, पुन्हा एकदा हास तसाच!"

"आपण फोटो कशावर काढणार, बाबा?" गौतमी म्हणाली आणि भीमराव मटकन खुर्चीत बसले. त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

इंदुमतीबाई शांतपणे आल्या. पर्समधून फुकटचं कार्ड काढून संकल्पच्या हातावर ठेवलं. "लाव."

पडद्यावर गौतमी दिसली. हात जोडलेली. मग हार घालताना. मग मागे उभे असलेले, डोळे भरून आलेले भीमराव. लग्न लागतानाचे एकोणतीस फोटो, एकूण एक शाबूत.

"आईनंच सांगितलं होतं," संकल्प म्हणाला. "लग्न लागताना हे कार्ड घाल, झालं की बाबांचं परत घाल आणि हे मला आणून दे."

भीमराव बायकोकडे वळले. "तुले कसं कळलं, इंदू?"

"आपल्या लग्नात फोटोग्राफर जेवाले बसला, तवा त्याचा कॅमेरा कोनं वाजवला होता? आन् झाकन उघडून रोल कोनं पाह्यला होता?" इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या. "खिडकीतून दिसत होतं मले."

"मंग इतके वर्षं त्या बिचाऱ्याले काहून शिव्या देत होती?"

"तुमी कवा कबूल होता, ते पाहत होती."

भीमरावांनी मान खाली घातली. सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदाच ते खरं हसले.

"एका फोटोची जागा उरलीय," संकल्प म्हणाला. "तुम्ही दोघं उभे राहा."

दोघं उभे राहिले. संकल्पनं कॅमेरा रोखला. भीमरावांनी कान टवकारले. "आवाज नाई येत रे," ते म्हणाले आणि त्यांचा हात कॅमेऱ्याकडे झेपावला. इंदुमतीबाईंनी तो मनगटाशी घट्ट पकडला. त्याच क्षणी फोटो निघाला.

आज तो फोटो बैठकीत मधोमध लावलेला आहे. पाहुण्या बायका बघून म्हणतात, "काय बाई, अजून हात सोडत नाहीत!"

"सोडला तं काय होते, ते मलेच माहीत," इंदुमतीबाई म्हणतात आणि चहा ठेवायला आत जातात.