जॉर्जियाला पहिला नंबर

मेव्हण्याशी एक दिवस, फक्त एकच दिवस, चांगलं वागायचं असं मी ठरवलं आणि माणूस हातचा जायची वेळ आली. तेव्हापासून मी कुणाशी चांगलं वागायच्या भानगडीत पडत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढे वाचावं. ज्यांना पटतं त्यांनीही वाचावं, नाहीतरी फुटबॉल संपल्यावर फेब्रुवारीत दुसरं काय आहे.

मेव्हण्याचं नाव ग्रेडी. माझ्या बायकोचा, नेल्डाचा, थोरला भाऊ. आम्ही नदीच्या अलीकडचे, म्हणजे अलाबामाचे. तो पलीकडचा, जॉर्जियाचा. मध्ये पूल आहे. तो कुणी आणि काय विचार करून बांधला, देव जाणे. (नेल्डा त्याच पुलावरून माझ्या घरी आली, तेव्हा पुलाबद्दल मी जास्त बोलत नाही. ती हे वाचणार आहे.)

नाताळ झाला आणि ग्रेडीच्या हृदयाने काम टाकलं. डॉक्टर म्हणाले, "आता यांना घरी न्या." डॉक्टर हे वाक्य दोन आवाजांत म्हणतात. एका आवाजात माणूस बरा झालेला असतो. हा दुसरा आवाज होता. ग्रेडीची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून नेल्डाने त्याला आमच्याकडे आणलं आणि पुढच्या खोलीत, माझ्या आरामखुर्चीच्या जागी, त्याची खाट लावली. समोर भिंतीवर अलाबामाच्या फुटबॉल संघाचं चिन्ह, हत्ती, चांगला दारभर मोठा. ग्रेडीने हत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नेल्डा, मला हॉस्पिटलातच मरू द्यायचं होतंस."

बाहेर पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं करडं आभाळ. फुटबॉल, म्हणजे आमचा हातात धरून पळायचा तो, जानेवारीतच संपलेला, पुढचा सामना ऑगस्टच्या अखेरीला. आमच्याकडे या महिन्यांत माणसं चर्चमध्येसुद्धा एकमेकांच्या नजरा चुकवतात. घरात औषधांचा वास. ग्रेडी भिंतीकडे तोंड करून पडायचा. नेल्डाने डम्पलिंग घातलेलं चिकन केलं, केळ्याचं पुडिंग केलं, मक्याची लापशी केली. तो चमचा ओठाला लावायचा आणि म्हणायचा, "छान झालंय," आणि ताट तसंच परत. स्वयंपाकघरात नेल्डा ते ताट हातात घेऊन सिंकपाशी उभी राहायची. नळ सोडायची नाही, नुसती उभी. तिची दोन भावंडं आधीच गेलेली. हा शेवटचा.

मला रडता येत नाही. शाळेने मला लवकरच घरी पाठवलं, ते शिकायचं राहून गेलं. मला फक्त खोड्या येतात. तेव्हा एका दुपारी मी ग्रेडीच्या उशाच्या टेबलावरच्या गोळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडल्या.

"काय करतोस?" ग्रेडीने भिंतीलाच विचारलं.

"नंबर लावतोय. प्लेऑफ सुरू झाल्यापासून सगळ्यात भारी संघ कुठला, ते."

हा प्लेऑफ म्हणजे असं, की हंगाम संपला की देशभरातल्या कॉलेजांचे वरचे चार संघ निवडायचे आणि झुंजवायचे. आता चाराचे बारा केलेत, आणि त्यामुळे भांडणंही तिप्पट झालीत. पण माझं आणि ग्रेडीचं भांडण जुनं, चारांच्या काळातलं.

"ही हृदयाची गोळी," मी म्हणालो, "म्हणजे अलाबामा, दोन हजार वीस. पहिला नंबर. ही घेतली नाही तर माणूस संपला. ही रक्त पातळ करायची, क्लेमसन, अठरा सालचं. ही झोपेची, ओहायो स्टेट. आणि ही चौथी, पोट साफ व्हायची. हा जॉर्जिया, बावीस सालचा."

भिंतीकडचं तोंड वळलं.

"अंतिम सामना पासष्ट विरुद्ध सात," ग्रेडी म्हणाला. "पासष्ट, हॉइट. तुला एवढं मोजता येतं का?"

"समोर होतं कोण? टेक्सासची ती गरीब पोरं. मी माझ्या चर्चच्या भजनी मंडळाला घेऊन त्यांना हरवलं असतं."

"आणि तुमचं ते वीस साल? साथीचं वर्ष. स्टेडियममध्ये माणूस नाही. रिकाम्या बाकांपुढे जिंकायला काय लागतं?"

"एकवीसला आधी आम्हीच तुम्हाला बडवलं होतं."

"आधी," ग्रेडी उठून बसत म्हणाला. "आणि नंतर? अंतिम सामन्यात कोण रडलं? तूच ना? तुझ्या बायकोने मला फोनवरून ऐकवलं होतं."

(हे खोटं आहे. माझ्या डोळ्यांत कांदा गेला होता. सामना बघताना मी कांदा चिरतो.)

बोलता बोलता त्याने लापशीचा वाडगा ओढला आणि सात-आठ चमचे खाल्ले, मध्ये माझ्याकडे चमचा रोखून. मग ते रोजचंच झालं. मी जॉर्जियाला कधी पाचवा नंबर दिला, कधी सहावा. एकदा तर मिशिगनच्या खाली ढकललं, त्या दिवशी ग्रेडीने दोन वाट्या चिकन संपवलं. आपण एका आजारी माणसाला छळतोय आणि आपल्याला मजा येतेय, एवढंच मला कळत होतं. ताट रिकामं जातंय ते माझ्या लक्षातच आलं नाही. ताटं मी धूत नाही.

मग डॉक्टर घरी येऊन गेले. पोर्चवर नेल्डाशी हळू आवाजात बोलले आणि गाडीत बसताना माझ्याशी हात मिळवला, बराच वेळ धरून. त्या संध्याकाळी आमचे पाद्री, ब्रदर टिल्मन, हेही आले. ते टेनेसीचे. टेनेसीवाल्यांना नम्रता शिकवावी लागत नाही. एकदाच कसेबसे त्या बारा संघांत शिरले आणि पहिल्याच सामन्याला घरी परतले.

स्वयंपाकघरात दोघांनी मला मध्ये घेतलं.

"हॉइट," नेल्डा म्हणाली, "तू त्याला रोज भडकवतोस. त्याचं हृदय काय आहे ते तुला माहीत आहे."

"तो मला भडकवतो. माझं हृदय कुणी बघितलंय?"

"ब्रदर हॉइट," टिल्मन म्हणाले, "जाणाऱ्या माणसाला समाधानानं जाऊ द्यावं. एकदा त्यांच्या मनासारखं बोलाल तर तुमचं काय जाणार आहे?"

"अलाबामाचा पहिला नंबर जाणार आहे."

नेल्डाने ओल्या हाताने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मी कुठे निघालो की लावते तसं. मी तर कुठेही निघालो नव्हतो. मग मी म्हणालो, "बरं. उद्या."

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या मांडल्या. पोट साफ व्हायची बाटली उचलली, सगळ्यांच्या पुढे ठेवली. मनातल्या मनात माफी मागितली. (अलाबामाची.)

"जॉर्जिया, बावीस," मी म्हणालो. "पहिला नंबर. मी विचार केला ग्रेडी. तुझंच बरोबर होतं. दुसराही जॉर्जियाच, एकवीसचा. आम्ही तिसरे."

मला वाटलं तो हसेल, टाळी देईल, निदान एखादी शिवी तरी. तो त्या बाटलीकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाला?"

"काही नाही."

"हॉइट. अलाबामाचा माणूस दारू पिऊनही हे बोलत नाही. किती दिवस सांगितलेत?"

"अरे, मला खरंच तसं वाटतं."

"म्हणजे आठवडाभर," ग्रेडी म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.

त्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नेल्डाला सांगून स्वतःचा जॉर्जियाच्या रंगाचा लाल कोट मागवला, ज्यात पुरायचं तो. ब्रदर टिल्मनना बोलावून भजनं ठरवली. माझा गाढवपणा माझ्या लक्षात यायला एवढा वेळ लागला, कारण मी गाढव आहे. मी धावत जाऊन बाटल्या उलटसुलट केल्या.

"मी चेष्टा केली होती. जॉर्जिया सहावा. सातवा. जॉर्जिया यादीतच नाही."

ग्रेडीने माझा हात थोपटला. "राहू दे," तो म्हणाला. "तू मनाचा चांगला आहेस, हॉइट. मला कधी दिसलं नाही."

त्याने मला आयुष्यात याहून वाईट काही म्हटलेलं नाही.

तीन दिवस ताट जसंच्या तसं परत येत राहिलं. तिसऱ्या दुपारी नेल्डा सूपाचा वाडगा घेऊन त्याच्या खाटेशी बसली होती, मी दारात उभा होतो. घरात माझी दोन माणसं, आणि एकाला मी चांगलं वागून निम्मं पुरलेलं. नेल्डाने चमचा वाडग्यात ठेवला आणि इस्त्रीच्या कपड्यांबद्दल बोलावं तसं म्हणाली, "सगळ्यात चांगला संघ लुइझियानाचा होता. एलएसयू, एकोणीस सालचा."

लग्न झाल्यापासून या बाईने फुटबॉलवर एक अक्षर काढलं नव्हतं. सामना चालू असताना ती बटाट्याचे काप आणून ठेवायची आणि जायची. मला वाटायचं ती जाते.

ग्रेडीचं तोंड वळलं. "कोण?"

"एलएसयू. त्या वर्षी त्यांनी ह्यांना ह्यांच्याच मैदानात हरवलं आणि तुम्हालाही झोडपलं. आणि ती पोरं हसत खेळायची. बघून बरं वाटायचं."

"हसत?" ग्रेडी म्हणाला.

"हसत?" मी म्हणालो.

"नेल्डा, तू आपल्या बापाचीच पोरगी ना? फुटबॉल काय हसायला खेळतात?"

"ग्रेडी, हिला त्यांचा बचाव आठवत नाही," मी म्हणालो. "चाळणी होती नुसती."

"चाळणी," ग्रेडी म्हणाला. "बरोबर बोललास. आमच्या बावीसच्या बचावापुढे आणायला हवे होते. मग हसले असते."

"सूप निवतंय," नेल्डा म्हणाली. "आणि हरलात ते हरलात."

ग्रेडीने तिच्या हातातून वाडगा घेतला आणि तोंडाला लावला, कारण चमच्याने पिऊन उत्तर द्यायला उशीर झाला असता. नेल्डा उठून स्वयंपाकघरात गेली आणि या वेळी नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

ग्रेडीने धरलेला आठवडा संपला, महिना संपला, डॉगवूडची झाडं फुलून गेली. आम्ही दोघे रोज नेल्डाविरुद्ध भांडत होतो आणि रोज हरत होतो. एप्रिलच्या शेवटी मात्र त्याचा आवाज बसला. मग पाय सुजले. आठवड्यातून एकदा येणारी नर्स कोरिन आता रोज यायला लागली. ती ऑबर्नची, म्हणजे आमच्याच राज्यातला दुसरा संघ, ज्यांचं नाव मी जेवताना घेत नाही.

एका सकाळी खोलीत आम्ही दोघेच होतो. ग्रेडीने बोटाने जवळ बोलावलं.

"दार लाव," तो म्हणाला. मी लावलं.

"वीस सालचं अलाबामा," तो म्हणाला. "पहिलं. मला कायम माहीत होतं."

मी खाली बसलो. इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते मिळालं आणि मला ते नको झालं. मी म्हणालो, "ग्रेडी, असं बोलू नकोस. शिवी दे." तो हसला, आणि मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. दोन दिवसांनी तो गेला. दुपारी, झोपेत. नेल्डाचा हात त्याच्या हातात होता.

चर्चमध्ये तो लाल कोटात निजला होता. ब्रदर टिल्मन म्हणाले, बंधू ग्रेडी शेवटच्या श्वासापर्यंत जॉर्जियाशी एकनिष्ठ राहिला. सगळे म्हणाले आमेन. मी उभा राहत होतो, पण नेल्डाने कोटाला धरून खाली बसवलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तुम्हाला माहीत नाही. त्याने मला सांगितलं होतं, अलाबामा पहिलं. दार लावून सांगितलं."

माझ्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर लोक लगेच विश्वास ठेवत नाहीत.

"मला तर," नेल्डा हळूच म्हणाली, "त्याने एलएसयू सांगितलं. म्हणाला, तुझंच खरं, पण हॉइटला सांगू नकोस. मलाही दार लावायला लावलं होतं."

ब्रदर टिल्मननी काटा खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. "मला ते टेनेसी म्हणाले," ते म्हणाले. "मला वाटलं औषधामुळे असेल. पण खरं सांगतो, बरं वाटलं."

मी त्या तिघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि कळलं, की साठ वर्षं खोड्या काढून मी जे शिकलो ते या माणसाने पाठीवर पडल्या पडल्या केलं होतं. तरी मी मनात हिशेब केला: एलएसयू ठीक, टेनेसीही चालेल, गरीब आहेत. निदान त्यांच्या बरोबरीने अलाबामा आहे. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला नर्स कोरिन पुडिंगमध्ये चमचा तसाच सोडून ढसाढसा रडायला लागली.

"माझा हात धरून म्हणाले," ती म्हणाली, "ऑबर्न. ऑबर्न सगळ्यात भारी."

ऑबर्न त्या प्लेऑफमध्ये आजवर एकदाही पोचलेलं नाही. मी हे तिला सांगायला तोंड उघडलं, तर नेल्डाने माझ्या ताटात आणखी चिकन वाढलं आणि म्हणाली, "हॉइट, आज एक दिवस तरी कुणाशी चांगलं वाग."