आधी मुरूम, मग गळ

आमच्या तळ्यावर मासे धरायला आलात, तर दौलतनाना आधी तुमच्या हातात घमेलं देतील. मग तुम्ही शेजारच्या निमगाव साव्याचे असा, नाहीतर मंचरहून चारचाकीतून आलेले पाहुणे असा. काठावर मुरमाचा ढीग आहे. त्यातलं घमेलंभर उचलायचं, पाण्याच्या कडेला ओतायचं, आणि मगच गळ टाकायचा.

"तळं तुमच्या मालकीचं आहे का?" एका पाहुण्यानं वैतागून विचारलं.

"तळं देवाचं हाय, पावणं. चिखल तेवढा माजा," नाना म्हणाले आणि घमेलं पुढं केलं.

नाना माझे शेजारी. पिठाची गिरणी मुलाच्या हवाली केली आणि तेव्हापासून ते तळ्यावरच. माशांबद्दल त्यांची मतं पक्की. चिलापी म्हणजे "बिनबोलावलेला पावणा, कवाबी येतो आन समदं खातो." मरळ मात्र खानदानी. मरळ मिळाली की घरी नेताना ते चावडीवरून वळसा घालून जात.

नानांची होडी पत्र्याची, सपाट बुडाची. बेल्ह्याच्या वेल्डरनं ती पाहून विचारलं होतं, "नाना, ही होडी हाय का गुळाची काहील?" पण होडी तरंगायची. अडचण होती ती तिच्यापर्यंत पोचायची. तळ्याला घाट नाही. काठ सरळ तुटलेला आणि खाली गुडघाभर गाळ. होडीत चढताना आम्ही एक चप्पल हमखास तळ्याला वाहायचो.

म्हणून नाना उतार करत होते. तेवढं आम्हाला समजत होतं. पण एका होडीसाठी बैलगाडी जाईल एवढा रुंद उतार कशाला? कुणी म्हणालं, नाना सरपंचकीला उभे राहणार. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला.

एकदा त्यांनी मला सिमेंट वाहायच्या हातगाड्यात बसायला सांगितलं.

"कशाला?"

"वजनाला. बस की गपगुमान."

मी बसलो. नाना गाडा घेऊन उतरायला लागले. अर्ध्यावर गाड्यानं त्यांचं ऐकणं सोडलं आणि मी थेट पाण्यात गेलो. कमरेइतक्या पाण्यात बसून मी त्यांच्याकडं बघत होतो. ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

"उतार लई झाला राव," ते उताराला म्हणाले.

मग पुन्हा मुरूम, पुन्हा धुम्मसानं ठोकणं. पुन्हा मी गाड्यात. शेवटी एकदा गाडा पाण्याच्या कडेला अलगद थांबला. मी कोरडा होतो. नानांनी मला उतरायलाही न सांगता खिशातून फोन काढला.

"सुनीता, आण गं तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर टेम्पो आला. त्यातून नानांची भाची सुनीता उतरली आणि मागून चाकांच्या खुर्चीत नानांची थोरली बहीण, अक्का. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती. तेव्हापासून त्या लेकीकडं एका खोलीत पडून होत्या.

"आईला झोपच न्हाई हो," सुनीता मला हळूच म्हणाली. "गोळ्या दिल्या तरी नुसती आढ्याकडं बघत ऱ्हाती."

अक्कांनी उताराकडं पाहिलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

"दौलत्या, वाकडा केलायस."

"व्हय अक्का," नाना म्हणाले. गावात कुणाचं न ऐकणारा माणूस!

आम्ही खुर्ची उतारावरून नेली, फळी टाकून होडीत चढवली, चाकांना दगड लावले. नानांनी वल्हं हाती घेतलं.

"आधी सांगायचं ना," मी म्हणालो. "सगळं गाव मदतीला आलं असतं."

"आलं असतं. आन आरारा करत बसलं असतं," नाना म्हणाले. "अक्काला त्ये खपत न्हाई. आय गेल्यावर हिनं मला ह्याच काठावर वाढीवला. लोकं लई कीव करायची. ही म्हनायची, आमाला मासं घावत्यात, कीव नगं."

होडी तळ्याच्या मध्यावर गेली. सुनीता आणि मी करंजाच्या सावलीत बसलो. तिकडून अक्कांचा आवाज येत होता. त्या नानांना काहीतरी बोलत होत्या, बहुधा वल्ह्यावरून. हळूहळू तो आवाज थांबला.

सुनीता उठून उभी राहिली. "झोपली का काय?"

अक्कांची मान खुर्चीत कलली होती. नाना त्यांच्यावर छत्री धरून बसले होते. दुसऱ्या हातात गळाची काठी, नानांनी वर्षानुवर्षं तेल पाजलेली. तेवढ्यात गळाचं तरंगतं बूच बुडालं आणि काठी कमानीसारखी वाकली. एवढा मासा त्या तळ्यात मी पाहिला नव्हता.

"नाना, ओढा!" मी ओरडणार होतो. सुनीतानं माझा हात धरला.

होडी डुलायला लागली. नानांनी एकदा काठीकडं पाहिलं, एकदा अक्कांकडं. आणि बोटं सोडली. काठी सुळकन पाण्यात गेली आणि पलीकडच्या लव्हाळ्याकडं ओढली जाऊ लागली. नानांनी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. मोकळा झालेला हातही छत्रीच्या दांड्याला लावून ते बसून राहिले. ऊन सरकलं तशी छत्री थोडी पुढं केली.